हवाई अंतर व उड्डाणकाळ (दुर्गम विमानतळ)

दोन विमानतळांमधले, भूपृष्ठावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. ते कापायला विमानाला लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाळ. अंतर अक्षांश-रेखांशांवरून बसल्या जागी काढता येते. वेळेचे तसे नाही, आणि विमानतळ जितका एकाकी तितका वेळेचा अंदाज फसण्याचा संभव जास्त.

सर्वांत जवळचा मार्ग बृहद्‌वृत्ताच्या कंसावरून जातो; पृथ्वीचे दोन समान भाग करणारे वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. सपाट नकाशावर हा कंस बहुधा ध्रुवाकडे वाकलेला दिसतो. तो दोष नकाशाचा, मार्गाचा नव्हे. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल मानली तर उत्तरात साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो. अधिक काटेकोर मापनासाठी पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी धरणारी, भूमापनतज्ज्ञ व्हिन्सेंटी यांची १९७५ मधली सूत्रे वापरतात. वैमानिक मात्र सागरी मैलात (१.८५२ किमी) बोलतात.

उड्डाणकाळासाठी एक ढोबळ रीत आहे : अंतराला ताशी ८०० ते ८५० किमीने भागायचे आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. मोठ्या जेट विमानांना ती बऱ्यापैकी लागू पडते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत मात्र तिचे हसे होते. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर जेमतेम २.७ किमी आहे. वेळापत्रकात त्याला दोन मिनिटे दिलेली असतात आणि विक्रम ५३ सेकंदांचा आहे. शिवाय वेळापत्रकातला वेळ हा हवेतला वेळ नसतोच. विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो.

वाऱ्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा पडतो. चिलीतील सांतियागो ते ईस्टर बेट हे अंतर सुमारे ३,७५० किमी. बेटाकडे जाताना पश्चिमी वारे समोरून येतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर उरकतो. पण अशा बेटांवर खरी अडचण वाऱ्याची नसून इंधनाची असते. एरवी मुक्कामाचा विमानतळ अचानक बंद झाला तर विमान शेजारच्या विमानतळावर वळते. इथे शेजारच नाही. म्हणून जेट विमान एकाकी विमानतळाच्या डोक्यावर पोहोचल्यावरही आणखी दोन तास उडू शकेल इतके इंधन नेण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वाटेत एक बिंदू असा येतो की तिथून पुढे मागे फिरायला इंधन पुरत नाही; तिथे पोहोचण्यापूर्वीच हवामान पाहून निर्णय घ्यावा लागतो. इंधनाचे वजन वाढले की प्रवासी कमी करावे लागतात, किंवा वाटेत थांबावे लागते.

दक्षिण अटलांटिकमधले सेंट हेलेना हे याचे ठळक उदाहरण. जोहान्सबर्गपासून ते सुमारे ३,७०० किमीवर आहे. धावपट्टी कड्यालगत असल्याने वारा एकाएकी दिशा आणि वेग बदलतो. त्यापायी २०१६ मध्ये ठरलेली प्रवासी सेवा लांबणीवर पडून ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली, तीही लहान जेट विमानाने आणि नामिबियातल्या विंडहुकला थांबा घेऊन. त्याआधी केप टाउनहून बोटीने पाच-एक दिवस लागत. अशा ठिकाणी आठवड्यातून एखादेच विमान असते. ते चुकले तर उड्डाणकाळाच्या तासांना काही अर्थ उरत नाही, मुक्कामाचे दिवस मोजावे लागतात.

घड्याळ तर सरळच चकवते. हवाईतल्या होनोलुलूहून सुमारे २,१०० किमी दक्षिणेला असलेल्या किरितिमाती या किरिबाती देशातल्या बेटावर विमान तीनेक तासांत पोहोचते. दोन्हीकडच्या घड्याळांत वेळ तीच असते, फक्त किरितिमातीची तारीख एक दिवस पुढची असते.