बारापैकी बारा म्हणजे नक्की किती?

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, शंभर टक्के!" क्षणभर मला वाटलं, कुठल्या तरी परीक्षेचा निकाल लागला. निकाल नव्हता. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी सव्वादोन वर्षं खपून केलेला गेम स्टीम या कंप्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात येऊन तीन आठवडे झाले होते. बारा जणांनी अभिप्राय लिहिले होते आणि बाराच्या बारा अंगठे वर होते.

गेम आमच्या इंदूरचाच आहे. रात्री सराफा बाजारातल्या सोन्याचांदीच्या पेढ्यांची शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांसमोर गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, मालपुवे मांडले जातात. गेममध्ये तिथे तुमची एक गाडी आहे, हातात दोन वाजेपर्यंतचा वेळ आहे आणि समोर न संपणारी गर्दी. गराडू तळताना तेल चुरचुरतं तो आवाज त्याने खऱ्या कढईजवळ मोबाइल धरून घेतलाय. हेडफोन लावून ऐकला तर भूक लागते. पोरांनी मन लावून काम केलंय, याबद्दल मला शंका नाही. शंका आली ती त्याच्या पुढच्या वाक्याने. "मामा, स्टारड्यू व्हॅलीला अठ्ठ्याण्णवच आहेत."

स्टारड्यू व्हॅली म्हणजे एरिक बॅरोन या माणसाने एकट्याने चारेक वर्षं राबून केलेला आणि २०१६ साली आलेला शेतीचा गेम. त्याच्यावर लाखो अभिप्राय आहेत. मी भाच्याला एवढंच म्हटलं, उद्या सकाळी पोह्यांना येतो, ताईला पांढरे आणि हिरवे वाळके वाटाणे काढून ठेवायला सांग.

पण वाटाण्यांच्या आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो घरोघरी आहे. टक्के म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मार्कशीट येते. स्टीमवरचे टक्के हे मार्क नव्हेत. तिथे खेळाडूला मार्क द्यायची सोयच नाही. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढंच. त्यातले किती टक्के वर, तो आकडा दिसतो. मेटाक्रिटिक ही २००१पासून चालणारी साइट मात्र समीक्षकांचे शंभरपैकी मार्क घेते आणि त्यांची सरासरी काढते. ही सरासरी भारित असते, म्हणजे काही प्रकाशनांचं मत जास्त धरलं जातं, आणि कोणाला किती वजन हे ती साइट सांगत नाही. आता दहा जणांना एखादा गेम ठीकठाक, दहापैकी सात मार्कांचा वाटला, असं धरा. मार्कांची सरासरी ७०. अंगठे मात्र दहाच्या दहा वर, म्हणजे १०० टक्के. उलट पाच जणांनी शंभर दिले आणि पाच जणांनी चाळीस, तरी सरासरी ७०च येते, पण अंगठे ५० टक्के. मतं मोजायची रीत बदलली की आकडा तीस-तीस, वीस-वीसने हलतो, आणि लोक त्यावरून समीक्षक विकले गेलेत की खेळाडू अडाणी आहेत यावर भांडत बसतात.

आता वाटाणे. स्टीलच्या डब्यात ८० पांढरे आणि २० हिरवे घातले, हलवले. पांढरा म्हणजे गेम आवडलेला माणूस, हिरवा म्हणजे न आवडलेला. न बघता एक काढायचा, रंग लिहायचा, परत टाकून डबा हलवायचा. असे बारा झाले की एक फेरी. ताई लिहीत होती, भाचा काढत होता. तीस फेऱ्या झाल्या तोवर पोह्यांची दुसरी बशीही संपली. तीसपैकी दोन फेऱ्यांत बाराच्या बारा पांढरे आले. एका फेरीत सातच आले, म्हणजे ५८ टक्के. डबा तोच, वाटाणे तेच, गेम तोच! एकदा ५८, एकदा १००.

हिशोबाने पाहिलं तरी हेच येतं. पाचातल्या चौघांना आवडणाऱ्या गेमला बारापैकी बारा मिळण्याची शक्यता म्हणजे ०.८ला स्वतःशी बारा वेळा गुणायचं. उत्तर ०.०६९. असे हजार गेम असतील आणि प्रत्येकाला बाराच अभिप्राय असतील, तर त्यांतले साधारण ६९ शंभर टक्के मिरवतील. म्हणूनच कुठल्याही यादीच्या अगदी वरच्या टोकाला थोड्या मतांच्या वस्तू गर्दी करतात, आणि अगदी तळालाही त्याच असतात. चांगलेपणाशी याचा संबंध नाही, लहान नमुना जास्त हेलकावे खातो, एवढंच कारण.

मग बारापैकी बारावरून खरं प्रमाण किती म्हणायचं? इथे माझा सगळ्यात आवडता भाग येतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही पोरांना जे सूत्र शिकवतो ते असं: प्रमाणाला उरलेल्या प्रमाणाने गुणा, नमुन्याच्या संख्येने भागा, वर्गमूळ काढा. आलेल्या संख्येची साधारण दुप्पट म्हणजे आपल्या अंदाजातली चूक. बारापैकी बाराला हे लावून बघा. प्रमाण १, उरलेलं प्रमाण ०, गुणाकार ०. चूक शून्य! म्हणजे बारा माणसांना विचारून जगातल्या शंभर टक्के लोकांबद्दल बिनचूक खात्री. सूत्र इथे चक्क कोसळतं, आणि दर वर्षी वर्गात हे दाखवताना मला पोरांचे चेहरे बघायला आवडतात.

एडविन बिडवेल विल्सन या अमेरिकन गणितज्ञाने १९२७ साली प्रश्नच उलटा करून टाकला. जे दिसलं त्याच्याभोवती चूक मोजू नका, म्हणाला. खरं प्रमाण अमुक आहे असं धरा आणि मग विचारा, ते तेवढं असताना मला जे दिसलं ते दिसू शकलं असतं का? खरं प्रमाण ५० टक्के धरलं, तर बारापैकी बारा येण्याची शक्यता ४,०९६त एक. सोडून द्या. ६० धरलं, तर हजारात दोन. ७० धरलं, तर शंभरात दीडसुद्धा नाही. ८० धरलं की शंभरात सात, हे शक्य कोटीतलं आहे. म्हणजे सीमा सत्तर आणि ऐंशीच्या मध्ये कुठेतरी आहे. विल्सनची सीमा अशी, की धरलेल्या प्रमाणात त्याच प्रमाणावरून काढलेल्या वर्गमुळाची १.९६ पट (वरची 'साधारण दुप्पट' नेमकी एवढी, शंभरातल्या ९५ वेळा पुरणारी) मिळवली की बरोबर १ यावा. हे समीकरण मांडून वर्ग केला की दोन्ही बाजूंना 'एक वजा प्रमाण' येतं, ते एकदा कटतं आणि हातात उरतं ते इतकं सुटसुटीत की मी पहिल्यांदा सोडवलं तेव्हा दोनदा तपासलं होतं: नमुन्याची संख्या भागिले नमुन्याची संख्या अधिक ३.८४. हे ३.८४ म्हणजे १.९६चा वर्ग. सगळेच अंगठे वर असतील तेव्हाचं हे रूप. एखादा खाली असला की समीकरण पूर्ण वर्गसमीकरण होतं आणि दोन मुळं देतं, एक खालची सीमा, एक वरची.

बारा भागिले १५.८४. उत्तर ०.७६. भाच्याच्या शंभर टक्क्यांचा प्रामाणिक अर्थ '७६ ते १०० यांच्या मध्ये कुठेतरी' असा आहे. तीनपैकी तीन असते तर खालची सीमा ४४ आली असती, शंभरपैकी शंभर असते तर ९६. दहापैकी नऊ म्हणजे ६० ते ९८, आणि हजारपैकी नऊशे म्हणजे ८८ ते ९२. दोन्ही '९० टक्के'च, पण पहिल्यावर मी पैसे लावणार नाही.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर एक युक्ती आहे, अ‍ॅग्रेस्टी आणि कूल या दोघांनी १९९८ साली मांडलेली. मनातल्या मनात दोन अंगठे वर आणि दोन खाली जोडायचे. बारापैकी बाराचे सोळापैकी चौदा होतात, ८७.५ टक्के. दुकानात चार्जर घेतानाही मी हेच करतो. रेडिट या गप्पाचर्चेच्या साइटने २००९पासून टिप्पण्या लावताना विल्सनचीच खालची सीमा वापरली. स्टीमची आकडेवारी मांडणारी स्टीमडीबी ही साइट वेगळं सूत्र वापरते, पण विचार तोच: अभिप्राय दहापट झाले की शंका निम्मी.

भाच्याच्या मित्राच्या घरी एकाने अंकशास्त्र बघून गेमच्या नावात एक जास्तीचा 'ए' घालायला सांगितला होता. पोरांनी ऐकलं नाही, हे फार बरं केलं. अक्षरांना आकडे चिकटवून बेरीज करणं म्हणजे आकड्यांचं शास्त्र नव्हे. त्यात काहीही मोजलेलं नसतं, त्यामुळे ते कधी चूकही ठरत नाही. विल्सनचं उत्तर चूक ठरू शकतं, आणि किती वेळा ठरेल तेही आधी सांगता येतं: साधारण शंभरात पाच वेळा.

पण विल्सनलाही एक गोष्ट जमत नाही. डबा हलवलेला आहे, असं तो धरून चालतो. गेम विकत घेणारा माणूस डब्यातून डोळे मिटून काढलेला नसतो. त्याने चित्रं पाहून, आवड ओळखून पैसे मोजलेले असतात. पहिल्या बारांतले चार जण तर भाच्याच्या कॉलेजातलेच. गेम उघडायचा कोड ('की') फुकट वाटलेला असेल तर त्यावरून आलेले अभिप्राय स्टीम २०१६पासून टक्क्यांत धरत नाही, पण मित्राने पैसे देऊन घेतला तर कोण काय करणार? शिवाय माणसं एकमेकांचं बघून मत देतात. मचनिक, अराल आणि टेलर यांनी २०१३ साली एक लाखाहून जास्त टिप्पण्यांवर प्रयोग केला. काही टिप्पण्यांना त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं, वाटेल तसं, एक खोटं अनुकूल मत आधीच देऊन ठेवलं. पुढच्या माणसानेही अनुकूल मत देण्याची शक्यता तेवढ्याने ३२ टक्क्यांनी वाढली.

समीक्षकाचा डबा आणखी वेगळा. त्याला गेम बहुधा फुकट आणि आधी मिळतो, आवडीचा नसला तरी कामाचा भाग म्हणून तो खेळतो आणि मुदतीत लिहितो. 'गॉन होम' हा २०१३चा गेम घ्या. रिकाम्या घरात फिरत चिठ्ठ्या-वस्तूंमधून एका कुटुंबाची गोष्ट उलगडायची, दोन-तीन तासांत संपतो. मेटाक्रिटिकवर समीक्षकांचे ८६, खेळाडूंचे दहापैकी पाचाच्या आसपास. समीक्षकाला वर्षभरातल्या गोळीबाराच्या ढिगात वेगळं काही दिसलं. २० डॉलर मोजलेल्याने तास मोजले. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते, प्रश्न वेगळे होते. छोट्या गेमचं दुखणं असं की दोन तासांच्या आत खेळला असेल तर स्टीम पैसे परत देते, आणि काही गेम तेवढ्यात संपतात.

शिवाय समीक्षक सहसा परत येत नाही. 'नो मॅन्स स्काय' २०१६ साली आला तेव्हा खेळाडू इतके चिडले की स्टीमवर तो तळाला गेला. मेटाक्रिटिकवर प्लेस्टेशनच्या आवृत्तीला ७१ आणि पीसीच्या आवृत्तीला ६१ मिळाले. छोट्याशा कंपनीने मग वर्षानुवर्षं फुकट सुधारणा दिल्या आणि २०२४ साली एकूण अभिप्रायांवर स्टीमची 'व्हेरी पॉझिटिव्ह' अशी पाटी लागली. ते ६१ मात्र तिथेच आहेत, एका जुन्या गेमबद्दलचे, जो आता अस्तित्वातच नाही.

भाच्याच्या गेमला तेरावा अभिप्राय अंगठा खाली आला. चार तास खेळलेला, कुठला कोण माणूस. तिसऱ्या गल्लीत गर्दी वाढली की खेळ अडखळतो, असं त्याने नीट लिहिलं होतं. विल्सनची खालची सीमा एका अंगठ्याने ७६वरून ६७वर आली. पोरं दोन दिवस गप्प होती, मग ती गल्ली त्यांनी दुरुस्त केली.

आता ६१ अभिप्राय आहेत, ५२ वर, ९ खाली. ८५ टक्के. "पंधरा टक्के घसरलो, मामा," भाचा म्हणाला. मी कागद काढला. ६१पैकी ५२ची सीमा ७४ ते ९२. खालचं टोक होतं जवळपास तिथेच आहे, फक्त आता त्यावर उभं राहता येतं. आणि स्टीमची पाटी? ऐंशी टक्के आणि पन्नास अभिप्राय हा तिथला एक उंबरठा आहे. शंभर टक्के असताना गेमवर नुसतं 'पॉझिटिव्ह' होतं. पंच्याऐंशीला 'व्हेरी पॉझिटिव्ह' लागलंय.