नमुना उत्तीर्ण, बॅच नापास

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील अनेक मुले-मुली बी. फार्म. किंवा एम. फार्म. पूर्ण करून चोर्ला घाट उतरतात आणि गोव्यातील वेर्णा, कुंडई येथील औषध कारखान्यांत नोकरीला लागतात. काहीजण हैदराबादकडे किंवा पुण्याकडे जातात. बेळगावातच केएलई आणि मराठा मंडळ यांची औषधनिर्माण महाविद्यालये असल्यामुळे हे शिक्षण सीमाभागातील घरांना नवे राहिलेले नाही. तरीही मुलगी 'क्वालिटी'मध्ये आहे असे सांगितले, की ती प्रयोगशाळेत बसून गोळ्या तपासत असेल, असाच बहुतेकांचा समज होतो. तपासणी हा त्या कामाचा एक भाग आहे. परंतु कारखान्याच्या गुणवत्ता प्रमुखाचे काम जिथे तपासणी अपुरी पडते तिथे सुरू होते. ती का अपुरी पडते, हे शालेय गणिताने समजू शकते.

इंजेक्शनच्या १०,००० कुप्यांची एक बॅच, म्हणजे एकाच वेळी तयार केलेला मालाचा गट, तयार झाली आहे असे समजा. निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी एवढ्या मोठ्या बॅचमधून सामान्यतः २० कुप्या घेतात, त्यांतील द्रवाची चाचणी पोषक माध्यमात करतात आणि १४ दिवस जंतूंची वाढ होते का ते पाहतात. आता या बॅचमधील १०० कुप्या, म्हणजे शेकडा एक, दूषित असतील तर काय होईल? उचललेली एखादी कुपी निर्दोष निघण्याची शक्यता ०.९९ असते आणि वीसच्या वीस निर्दोष निघण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२ येते. याचा अर्थ असा, की अशा दूषित १०० बॅचपैकी सुमारे ८२ बॅच चाचणीत उत्तीर्ण होतील. दूषित कुप्यांचे प्रमाण शेकडा पाच झाले, तरी १०० पैकी सुमारे ३६ बॅच सुटतीलच. नमुने वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत ओतलेला भाग क्ष-किरणांनी तपासून पुन्हा गिऱ्हाइकाकडे पाठवता येतो, तसा चाचणीसाठी फोडलेल्या कुपीचा रुग्णाला काहीही उपयोग उरत नाही.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. इंग्लंडमधील प्लिमथ येथील डेव्हनपोर्ट रुग्णालयात मार्च १९७२ मध्ये डेक्स्ट्रोजचे सलाईन दिलेल्या रुग्णांची प्रकृती अचानक बिघडली आणि किमान पाच मृत्यूंशी त्या सलाईनचा संबंध जोडला गेला. ते सलाईन १९७१ मध्ये तयार झाले होते आणि निर्जंतुकतेच्या चाचणीत उत्तीर्ण झाले होते. क्लोदियर समितीच्या चौकशीत असे दिसून आले, की ज्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने जंतू मारणाऱ्या बंद यंत्रात, बाटल्या निर्जंतुक केल्या त्याच्या खालच्या भागातील हवा बाहेर पडली नव्हती, म्हणून तळाच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. सर्वांत अस्वस्थ करणारी बाब पुढे आहे. तळाकडील तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या आलेखावर तापमान चढले नसल्याचे स्पष्ट दिसत होते. परंतु इतर मापके ठीक असल्यामुळे हे यंत्रच बिघडले असावे असे गृहीत धरले गेले आणि बाटल्या पुढे गेल्या.

इतर मापके ठीक का होती, हे समजण्यासाठी वाफेचे भौतिकशास्त्र पाहावे लागते. १२१ अंश सेल्सियसची संपृक्त वाफ, म्हणजे हवा न मिसळलेली आणि थोडी थंड होताच पाणी होणारी वाफ, थंड बाटलीवर पाणी होऊन जमते, तेव्हा प्रत्येक किलोमागे सुमारे २,२०० किलोज्यूल इतकी सुप्त उष्णता बाटलीला मिळते आणि जंतू मरतात ते प्रामुख्याने या उष्णतेने. हवेला असे घनीभवन होऊन उष्णता देता येत नाही, शिवाय ती वाफेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. दाबमापकाला मात्र हवेचा दाब आणि वाफेचा दाब यांतील फरक कळत नाही, त्यामुळे एकूण दाब बरोबर आणि तळाचे तापमान अपुरे अशी घातक स्थिती निर्माण होऊ शकते.

म्हणून आज ऑटोक्लेव्ह वापरात आणण्यापूर्वी त्याची सिद्धता तपासतात. कारखान्याच्या भाषेत त्याला 'व्हॅलिडेशन' म्हणतात. आत अनेक ठिकाणी तापमापक तारा लावून सर्वांत थंड जागा शोधली जाते आणि तिथे उष्णतेला अतिशय चिवट असलेल्या जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कठीण कवचातील सुप्त रूपे, ठेवले जातात. १२१ अंशांना त्यांतील शेकडा ९० बीजाणू सुमारे दीड ते दोन मिनिटांत मरतात, उरलेल्यांतील शेकडा ९० पुढील तेवढ्याच वेळात, आणि हा क्रम असाच चालू राहतो. दहा लाख बीजाणूंपासून सुरुवात केली तर अशा सहा टप्प्यांनंतर सरासरी एक उरतो आणि आणखी सहा टप्प्यांनंतर एखादा बीजाणू जिवंत राहण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी कमी होते. वीस कुप्यांची चाचणी हा आकडा कधीही दाखवू शकत नाही. तो थंड जागेच्या तापमानावरून आणि वेळेवरूनच सिद्ध होतो. टिळकवाडीत ज्याला आपण व्हॅक्सिन डेपोचे मैदान म्हणतो, तिथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे. तिच्यातील विषाणू जिवंत राहणे आवश्यक असल्यामुळे ती तापवून निर्जंतुक करण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. अशा उत्पादनांत शेवटी उष्णता देऊन चुका निस्तरता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पायरीवरील दक्षतेला दुप्पट महत्त्व येते.

गुणवत्ता प्रमुखाचा दिवस मुख्यतः अशा आलेखांच्या आणि नोंदींच्या वाचनात जातो. ठरलेल्या पद्धतीपासून कोणतीही फारकत झाली, मग ती दहा मिनिटे वीज जाण्याइतकी किरकोळ असो, की तिची 'डेव्हिएशन' म्हणून नोंद होते, कारण शोधले जाते, बॅचवर झालेला परिणाम ठरवला जातो आणि ती चूक पुन्हा होऊ नये यासाठी बदल केला जातो. बाजारात मागणी आहे, मालाची गाडी दारात उभी आहे आणि प्रयोगशाळेचा अहवाल उत्तीर्ण आहे, अशा वेळी एका आलेखासाठी बॅच अडवून धरण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे असतो. उत्पादन विभागाचा प्रमुख आणि गुणवत्ता विभागाचा प्रमुख एकमेकांपासून स्वतंत्र असावेत, असा नियम जगभर याच कारणासाठी आहे. माझ्या मते या पेशातील सगळी विद्वत्ता या एका अधिकाराच्या वापरात कसाला लागते.

आपल्या कर्नाटक राज्यातील घटना ताजी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात प्रसूती शस्त्रक्रियेनंतर काही मातांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांना दिलेल्या रिंगर लॅक्टेट सलाईनच्या गुणवत्तेविषयी संशय निर्माण झाला आणि राज्याने त्या पुरवठ्याचा वापर थांबवला. अशा संशयात 'सलाईनमध्ये जंतू होते का' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. काही जिवाणू मेल्यानंतरही त्यांच्या बाह्य आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, द्रवात राहतात. रक्तात गेल्यास त्यांच्यामुळे ताप, थंडी आणि जास्त प्रमाणात असल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळणे असे परिणाम होतात. १२१ अंशांची वाफ त्यांना नष्ट करू शकत नाही. काचेच्या कुप्यांवरील एंडोटॉक्सिन घालवण्यासाठी २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते आणि सलाईनला तर तशी उष्णता देताच येत नाही. त्यामुळे द्रव पूर्णपणे निर्जंतुक असूनही घातक असू शकतो आणि त्यावरील उपाय पाण्याच्या शुद्धतेत, टाक्यांच्या आणि नळ्यांच्या स्वच्छतेत शोधावा लागतो.

कच्च्या मालाची कथा आणखी जुनी आहे आणि ती अजून संपलेली नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधील डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनामुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खोकल्याच्या सिरपमधील याच रसायनाने लहान मुलांचे जीव घेतले. हे द्रव्य ग्लिसरीनसारखेच रंगहीन, दाट आणि गोडसर असते. सिरपमधील मुख्य औषधाचे प्रमाण मोजले तर ते बरोबर येते, कारण विष त्या औषधात नसून ते ज्यात विरघळवले त्या द्रवात असते. म्हणून ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल यांसारखे विरघळवणारे द्रव दाखल होताच गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने, त्यातील डायइथिलीन ग्लायकॉल शेकडा ०.१ च्या मर्यादेत आहे याची खात्री करणे आणि पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहणे, ही गुणवत्ता विभागाची जबाबदारी ठरते.

सीमाभागातील मुलांकडे या कामासाठी एक मोठी शिदोरी आहे आणि तिची त्यांना स्वतःला पुरेशी जाणीव नसते. कारखान्यातील कार्यपद्धती इंग्रजीत लिहिलेली असते, पण यंत्रावर उभा असलेला कामगार कन्नड, कोकणी, मराठी किंवा हिंदी बोलतो. झालेली चूक मोकळेपणाने सांगताना माणूस आपल्याच भाषेत बोलतो आणि ती चूक वेळेवर कळली नाही तर चौकशीचा कागद कितीही नेटका असला तरी निष्फळ ठरतो. खानापूरच्या किंवा निपाणीच्या मुलीला घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी यांची सवय असते. गुणवत्ता विभागात तिने केलेली विचारपूस कामगाराला दरडावणी वाटत नाही, हे मी मोठ्या गुणवत्तेचे लक्षण मानतो.

भारतात उत्पादनाच्या चांगल्या पद्धतींचे नियम औषध नियमावलीच्या परिशिष्ट 'एम'मध्ये आहेत. त्याची सुधारित आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाली आणि तिने जोखमीचे मूल्यमापन, उत्पादनाचा वार्षिक आढावा, यंत्रांची सिद्धता आणि संगणकीय नोंदींची विश्वसनीयता या गोष्टी लहान कारखान्यांनाही बंधनकारक केल्या. त्यामुळे हे काम जाणणाऱ्या माणसांची गरज लहान कारखान्यांतही वाढत आहे. सुरुवात बहुधा उत्पादनाच्या ठिकाणी उभे राहून प्रत्येक पायरीची खातरजमा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदापासून होते, आणि ती काही वर्षे घाईने उरकू नयेत, असे मला मनापासून वाटते, कारण पुढे कार्यालयात बसून आलेख वाचणाऱ्याला त्यामागचे यंत्र डोळ्यांसमोर दिसावे लागते.

बेळगावातील विद्यार्थ्यांना यासाठी गोव्याला जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करणारा स्वतंत्र विभाग असतो. तिथे हवा शोषून घेणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये रोज सकाळी, इतर साहित्य आत ठेवण्यापूर्वी, बोवी-डिक चाचणी केली जाते: कापडाच्या किंवा कागदाच्या घट्ट गठ्ठ्याच्या मध्यभागी उष्णतेने रंग बदलणारा कागद ठेवतात, आणि हवा पूर्ण निघाली नसेल तर त्या कागदाच्या मधल्या भागाचा रंग बदलत नाही. महाविद्यालयामार्फत परवानगी घेऊन विद्यार्थ्यांनी ही चाचणी पाहावी आणि रंग न बदललेल्या दिवशी पुढे काय केले जाते, ते यंत्र कोणाच्या सहीने बंद होते आणि कोणाच्या सहीने पुन्हा सुरू होते, हे तिथल्या परिचारिकेला किंवा तंत्रज्ञाला अवश्य विचारावे.