रेडिओ-टेप-टीव्ही रिपेरिंग (नाशिक)

घरात वर्षानुवर्षं पडून राहिलेला व्हॉल्व्हचा (आतून तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ, ट्रान्झिस्टर, टू-इन-वन, डबा टीव्ही अशा वस्तूंचा फॉल्ट शोधायचा आणि त्या परत चालू करायच्या, असं हे काम. नाशकात बोलताना सगळे ‘रिपेरिंग’च म्हणतात, ‘दुरुस्ती’ दुकानाच्या पाटीवर, आणि करणारा तो मेकॅनिक. मिक्सर, पंखे, पाण्याची मोटर हे वायंडिंगवाल्याचं काम, धंदा वेगळा आणि हात पण वेगळा, म्हणून इथे ते घेतलेलं नाही.

‘दुरुस्ती’ फारसीतल्या ‘दुरुस्त’वरून आला यात वाद नाही. वाद आहे तो जुन्या मराठी ‘डागडुजी’चा. शेवटचा भाग फारसीतला ‘दोज’, म्हणजे शिवणं, जो जरदोजीत आहे, तो धरायला हरकत नाही. पण आधीचा ‘डाग’ कुठला? एक बाजू म्हणते हा कापडावरच्या डागासारखा, फारसी ‘दाग’, म्हणजे डाग पडलेली किंवा फाटलेली जागा शिवून घेणं, आणि तसं धरलं तर दोन्ही तुकडे फारसी ठरून शब्द एकसंध होतो. दुसरी बाजू भांड्याला ‘डाग देणं’, म्हणजे कथील वितळवून भोक बुजवणं किंवा सांधा जोडणं, ते पुढे करते, आणि पुस्तकी मराठीतला सोल्डरचा ‘डाख’ त्याच्या जवळचा मानते. ‘दुजी’ म्हणजे डागाची नुसती द्विरुक्ती, अदलाबदलसारखी, असंही मांडता येतं, पण ते जरा ओढूनताणून वाटतं. या नोंदीचा कल भांड्याच्या डागाकडे आहे, निदान नाशिकपुरता, कारण तांब्यापितळेच्या भांड्यांचं हे गाव, तांबट लेन आणि भांडी बाजार अजून नावानिशी आहेत, आणि रेडिओवाल्याचं सोल्डर म्हणजे तेच कथील-शिसं. नेहमीच्या ६०-४० सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं, ते साधारण १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतं.

या कामाचा काळ रेडिओच्या पाठोपाठ येतो. मुंबईचं प्रसारण २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, पण गावोगावी घरात रेडिओ दिसायला लागले ते बहुधा स्वातंत्र्यानंतर, आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आल्यावर मागणी चांगलीच वाढली असणार. रेडिओला पोस्टातून लायसन घ्यावं लागायचं, ते १९८० च्या दशकात बंद झालं. कपाटात लायसनचं पुस्तक सापडलं तर शिक्क्यावरून सेट निदान कधीपासून घरात आहे ते कळतं, नाहीतर वय व्हॉल्व्हच्या नंबरावरून काढायचं. युरोपीय पद्धतीच्या नंबरात पहिलं अक्षर हीटरचं (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचं), ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे सिरीजमध्ये, एकामागे एक जोडायचा १०० मिलिअँपिअरचा. आकडा बेसचा (खालच्या पायांच्या मांडणीचा), म्हणजे ईसीएच ३५ आठ पायांचा जुना ऑक्टल, ईसीएच ४२ मधल्या काळातला रिमलॉक, ईसीएच ८१ नऊ पायांचा नोव्हल. नोव्हल असेल तर सेट ढोबळमानाने १९५० नंतरचा धरावा, पण दुकानदार जुना माल बरीच वर्षं विकत राहायचे आणि मेकॅनिक बेस बदलून दुसराच व्हॉल्व्ह बसवायचे, त्यामुळे एवढ्यावरून शपथ घेऊ नये.

मेकॅनिककडे आलेला जुना सेट थेट पिनला लावत नाहीत. आधी सिरीज बोर्ड. ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये जोडतात, आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सगळा दाब स्वतःवर घेतो, सेट वाचतो. सेट बरा असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. हे जमतं कारण तारेच्या बल्बचा रोध गरम झाल्यावर कितीतरी पट वाढतो, १०० वॅटच्या बल्बचा २३० व्होल्टवर सुमारे ५३० ओहम आणि थंड असताना त्याचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही, आणि दुकानात मिळतात ते बहुतेक एलईडीच, म्हणून जुने मेकॅनिक पिवळे बल्ब खोक्यात जपून ठेवतात, ते मागितले तर देत नाहीत. कलर टीव्हीला मोठा बल्ब लागतो, छोटा लावला तर सप्लाय उठायचा प्रयत्न करतो, पडतो, परत उठतो, बल्ब लुकलुकत राहतो आणि चांगल्या सेटमध्ये फॉल्ट असल्यासारखं वाटतं.

व्हॉल्व्हच्या रेडिओत खरा दोषी बहुतेक वेळा व्हॉल्व्ह नसतो, कपॅसिटर असतो, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड जातं कारण त्याला चमकणारा व्हॉल्व्ह दिसतो आणि मेणाचा काळपट कागदी कपॅसिटर दिसत नाही. हे जरा उदाहरणाने. आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, ईएल ८४ व्हॉल्व्ह आहे, त्याच्या ग्रिडला (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरून, म्हणजे प्लेटवरून, एक कपलिंग कपॅसिटर (आवाजाचा सिग्नल पुढे नेणारा, डीसी अडवणारा) येतो, एका बाजूला ९० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला १ मेगओहम रोधातून जमीन. कपॅसिटर नवा असताना डीसी पलीकडे जातच नाही. कागद ओल खातो, मेण चिरतं आणि समजा गळती १० मेगओहमपर्यंत आली, तर ९० चा अकरावा हिस्सा, म्हणजे हिशेबाने सुमारे ८ व्होल्ट पॉझिटिव्ह, ग्रिडवर येतात. ईएल ८४ ला २५० व्होल्टवर उणे ७ च्या आसपास बायस (ग्रिडवरचा ठरलेला दाब) लागतो, तो पुसला जातो, व्हॉल्व्ह वाट्टेल तेवढा करंट ओढतो, प्लेट लाल होते, आणि मग आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी जळतं, जे मिळणं सगळ्यात कठीण. गंमत म्हणजे तोच कपॅसिटर काढून मल्टिमीटरने ओहमवर तपासला तर चांगला दाखवतो, कारण मीटर आपल्या दोन-चार व्होल्टवर मोजतो आणि गळती चढ्या दाबावर उघडी पडते. म्हणून तो जागेवरच तपासतात, ग्रिडकडची बाजू सोडवायची, त्या मोकळ्या टोकाचा व्होल्टेज मोजायचा, पॉझिटिव्ह दिसला की विषय संपला.

आता सगळे कपॅसिटर एकदम बदलावेत की खराब निघालेलेच, यावर दोन मतं आहेत. पहिल्या मताचे लोक म्हणतात कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक सगळे काढा, परत सेट उघडायची वेळ येत नाही. दुसरे म्हणतात एका वेळी एकच बदला आणि प्रत्येक बदलानंतर चालवून बघा, नाहीतर आपणच केलेली चूक फॉल्टमध्ये मिसळून जाते. दुसरं मत जास्त शहाणपणाचं वाटतं, मात्र कपलिंगचा आणि फिल्टरचे (सप्लायमधला हम गाळणारे) कपॅसिटर याला अपवाद धरावेत, तिथे वाट बघणं महागात पडतं. इलेक्ट्रोलिटिक सुकला की भुंग्यासारखा हम येतो, एक डायोड असेल तर ५० हर्ट्झचा, फुल वेव्ह असेल तर १०० चा, कान तयार झाला की फरक कळतो. दहा-पंधरा वर्षं बंद सेटमधला इलेक्ट्रोलिटिक एकदम पूर्ण दाबावर आणू नये, आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो, मोठ्या रोधातून काही तास हळूहळू चढवावा.

ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटचं वेगळं सांगायला पाहिजे, कारण त्यात जीव जातो. सगळे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक असतात, यूसीएच ८१ आणि यूबीएफ ८९ चे १९-१९ व्होल्ट, यूसीएल ८२ चे ५०, यूवाय ८५ चे ३८, बेरीज १२६, उरलेले शंभरेक व्होल्ट एका रोधात जाळले जातात आणि तिथे १० वॅट उष्णता होते. एक हीटर तुटला की सगळे अंधारात. पण मुख्य धोका असा की चॅसिसच (आतला धातूचा सांगाडा) मेनला जोडलेली असते, दोन पिनांचा प्लग उलटा लागला तर फेज चॅसिसवर येते, आणि नॉबचा स्क्रू बोटाला लागला तरी झटका. टेस्टर लावल्याशिवाय हात घालू नये, आणि चॅसिसला अर्थिंग जोडणं ही सुधारणा नाही, थेट शॉर्ट आहे.

टेपमध्ये बहुतेक फॉल्ट यांत्रिक, रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा होतो, तो स्पिरिटने पुसून नवा टाकायचा. हेडचा मळ काढूनही आवाज दबका असेल तर हेड तिरकं बसलंय का ते बघून त्याचा स्क्रू फिरवायचा. डबा टीव्हीत पडद्यावर एकच आडवी रेघ म्हणजे व्हर्टिकल सेक्शन (चित्र वर-खाली पसरवणारा भाग) गेला, कधीकधी नुसतं ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा सुटलेला सांधा. पावसाळ्यात एलओटीजवळ (पिक्चर ट्यूबचा हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) टिकटिक आवाज आला तर हाय व्होल्टेज गळतंय. २१ इंची कलर टीव्हीत पिक्चर ट्यूबवर २५,००० व्होल्टच्या आसपास असतात आणि सेट बंद केल्यावरही ट्यूब विजेने भरलेली राहते.

गोदेच्या पुराचं प्रकरण मात्र खास नाशिकचं. १९६९ चा महापूर जुन्या लोकांच्या तोंडी आहे, नंतर सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ ला सराफ बाजार, भांडी बाजार, नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरलं. बुडालेला सेट पाण्याने मरत नाही, वाळला म्हणून लगेच पिनला लावल्याने मरतो. गाळ ओला असताना वीज वाहून नेतो आणि वाळल्यावर ओल धरून ठेवतो, म्हणून आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा, हे ऐकून लोक दचकतात, मग काही दिवस ऊन, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातली ओल सगळ्यात शेवटी जाते म्हणून सिरीज बोर्ड इथे सक्तीचाच. स्पीकरचा कागदी कोन बहुधा गेलेलाच असतो.

काही वेळा सेट चांगला आणि घर खराब असतं. दिवसा नाशकात मुंबईची मिडीयम वेव्ह स्टेशनं, ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी वगैरे, क्षीण लागतात, रात्री दूरदूरची स्टेशनं येतात, तो फॉल्ट नव्हे. सतत खरखर असेल तर घरचा मेन स्विच बंद करून सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकावं. खरखर गेली तर दोष एलईडी बल्बचा नाहीतर मोबाईल चार्जरचा. अशा कारणाने उघडलेला रेडिओ मेकॅनिककडे जाऊन आल्यावर आधीपेक्षा वाईट वाजतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

सुट्या भागांसाठी एम. जी. रोड, नाहीच मिळाला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पण एम. जी. रोडवरच्या प्रधान पार्कला आता मोबाईलचा बाजार भरला आहे. भंगारात शोधावं तर अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, पण ते चालू कंपन्यांच्या मालासाठी, व्हॉल्व्हच्या रेडिओला त्याचा काही उपयोग नाही. ईएल ८४ अजून परदेशात बनतो कारण गिटारवाल्यांना अ‍ॅम्प्लिफायरसाठी लागतो, यूसीएल ८२ मात्र जुन्या स्टॉकमधूनच शोधावा लागतो.