संयुक्त सूक्ष्मदर्शीचे भाग कसे जमत गेले

शालेय आकृतीत नेत्रिका, नलिका, वस्तुभिंग, मंच, संधारक आणि आरसा यांची नावे वरून खाली अशी ओळीने लिहिलेली असतात, की हे सारे एकाच आराखड्यातून जन्मले असावे असे वाटते. प्रत्यक्षात यातील बहुतेक भाग आधीच्या यंत्रातील उणिवांवर शोधलेले उपाय आहेत, आणि प्रतिमा मोठी करण्यापेक्षा ती स्वच्छ व उजळ करणे हेच अधिक अवघड ठरले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस किंवा सतराव्याच्या आरंभी नेदरलँड्समध्ये दोन भिंगे एका नळीत बसवली गेली. त्याचे श्रेय झकारियास यान्सेन यांना देण्याची प्रथा आहे, परंतु त्यासाठीचा पुरावा तोकडा आहे. वस्तुभिंग नळीत मोठी, उलटी प्रतिमा तयार करते आणि नेत्रिका ती आणखी मोठी करून दाखवते. म्हणूनच 40 पटीचे वस्तुभिंग आणि 10 पटीची नेत्रिका मिळून वर्धन 400 पट होते.

मात्र भिंगांच्या गुणांबरोबर दोषही वाढत गेले. प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येई आणि तपशील पुसट होत. त्यामुळेच 1670 च्या दशकात डच निरीक्षक लेवेनहूक यांनी एकाच छोट्या भिंगाच्या साध्या साधनाने सूक्ष्मजीव पाहिले आणि संयुक्त यंत्राला बराच काळ मागे टाकले. वर्णदोष कमी करणारी जोडभिंगे अठराव्या शतकात आली; अशी भिंगे ठरावीक अंतरावर बसवली तर गोलीय दोषही (भिंगाच्या कडेचे आणि मध्याचे किरण एकाच बिंदूत न जुळणे) आटोक्यात येतो, हे जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी 1830 मध्ये दाखवले. ते व्यवसायाने मद्यव्यापारी होते, आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर हे त्यांचेच पुत्र.

उजेडाची अडचण तितकीच जुनी होती. 1665 मध्ये बुचातील पेशींचे चित्र प्रसिद्ध करणारे रॉबर्ट हूक दिव्याचा प्रकाश पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून आणि मग एका भिंगातून वस्तूवर एकवटत. पुढे मंचाखाली आरसा आला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील येना येथे कार्ल झाइस यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एर्न्स्ट अ‍ॅबे यांनी सिद्ध केले, की जवळचे दोन बिंदू वेगळे दिसणे वर्धनावर नव्हे, तर प्रकाशाची तरंगलांबी आणि वस्तुभिंगात शिरणाऱ्या किरणांचा कोन यांवर अवलंबून असते. दृश्य प्रकाशात ही मर्यादा सुमारे 0.2 मायक्रोमीटर आहे. त्यापुढे नुसते वर्धन वाढवून केवळ मोठा धूसरपणा मिळतो. त्यांच्या संधारकामुळे, म्हणजे मंचाखालच्या प्रकाश एकवटणाऱ्या भिंगांमुळे, नमुन्यावर रुंद कोनातून प्रकाश पडू लागला. काचपट्टी आणि 100 पटीचे वस्तुभिंग यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवतात, तोही याच कारणासाठी: तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) काचेइतकाच, सुमारे 1.5 असल्याने हवेत वळून निसटणारे किरण भिंगात पोहोचतात.

वस्तुभिंग सहज काढून बदलता येते, ही सोयही आपोआप आलेली नाही. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने 1858 मध्ये वस्तुभिंगांच्या आट्यांचे प्रमाण ठरवले, आणि आजही अनेक सूक्ष्मदर्शींची वस्तुभिंगे त्याच मापाच्या आट्यांवर बसतात.