‘गुर्मे’ आणि ‘गुर्मां’: सख्खे वाटतात, पण नाहीत

इंग्रजीत खाण्याच्या आवडीबद्दलचे ‘गुर्मे’ (gourmet) आणि ‘गुर्मां’ (gourmand) हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. दोन्ही फ्रेंचमधून आले, म्हणून एक दुसऱ्यापासून निघाला असावा असं वाटतं. तसं नाही.

गुर्मां हा थोरला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ सरळ ‘खादाड, अधाशी’ असा होता. अठराव्या शतकात त्याला ‘चांगल्याचुंगल्याचा शौकीन’ ही दुसरी छटा मिळाली, पण जुनी छटा पुसली गेली नाही.

गुर्मेचा जन्म मात्र स्वयंपाकघरात नव्हे, दारूच्या तळघरात झाला. जुन्या फ्रेंचमधला ‘ग्रुमे’ म्हणजे वाइनच्या व्यापाऱ्याकडचा पोऱ्या. पिंपातली वाइन चाखून तिची पारख करणं हे त्याच्याच हाताखालचं काम, त्यामुळे शब्दाला ‘चव ओळखणारा’ हा अर्थ चिकटला. पुढे शेजारच्या गुर्मांच्या प्रभावाने ‘ग्रु’चा ‘गुर्’ झाला. आपल्याकडे ‘चिकटणे’चं ‘चिटकणे’ होतं तशीच ही अक्षरांची अदलाबदल. सगळा घोटाळा इथे आहे: नातं रक्ताचं नाही, सहवासाचं आहे. इंग्रजीत गुर्मे दिसतो तो थेट १८२०च्या सुमारास.

म्हणून भाषांतर करताना आधी मजकुराचा काळ बघावा. सोळाव्या शतकातल्या गुर्मांला ‘खवय्या’ म्हटलं तर लेखकाने केलेली निंदा कौतुक होऊन बसते; तिथे ‘खादाड’च हवं. आजच्या मजकुरात तो भरपूर आणि आवडीने खाणारा, तर गुर्मे म्हणजे थोडंच पण पारखून खाणारा, चोखंदळ. ‘गुर्मे मीठ’, ‘गुर्मे चीज’ असं वस्तूंना लावायचं विशेषणही हेच. आपल्याकडे पाट्यांवर ‘गॉरमेट’ लिहितात, पण शेवटचा ‘ट’ मूक आहे. गुर्मांचा ‘ड’ फ्रेंचमध्ये मूक असतो. इंग्रजीत ‘गॉर्मंड’ म्हटलं तरी चालतं.

फ्रेंचमध्ये तर गुर्मां बराच सुधारला. ब्रिया-सावारँ या न्यायाधीशाने १८२५ साली ‘गुर्मांदीज’ला, म्हणजे गुर्मां असण्याला, खादाडपणापासून बाजूला काढून रसिकतेच्या पंक्तीत बसवलं. तरी कॅथलिक सात महापापांच्या फ्रेंच यादीत खादाडपणाचं नाव अजून ‘गुर्मांदीज’च आहे. ते काढून टाकावं, अशी विनंती पॅरिसचे नामवंत बेकर लियोनेल प्वालान यांनी पोपना केली होती, आणि ती रास्तच होती. पॅरिसच्या मेन्यूकार्डावर ‘काफे गुर्मां’ दिसलं, तर ती कॉफी आणि सोबत दोन-चार छोटे गोड पदार्थ असतात.