वळणदार इंग्लिश अक्षरात नाव छापायचंय? मग हे वाचा

पत्रिकेची ऑर्डर द्यायला आलेली बरीच मंडळी मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, असा वळणदार फॉन्ट पाहिजे. त्याला आम्ही स्क्रिप्ट फॉन्ट म्हणतो. फोटोत बहुतेक वेळा राउंडहँड वळण असतं, म्हणजे अक्षरं उजवीकडे कललेली, एकमेकांचा हात धरलेली, खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी केसासारखी बारीक. हे सगळं टोकदार निबेचं काम, दाबली की तिची टोकं फाकतात आणि रेघ जाड होते. आपल्या बोरूत जाड-बारीक येतं ते टोकाच्या तिरक्या कापामुळे, म्हणून वर बोरूच्या वळणाचं मराठी आणि लगेच खाली हा फॉन्ट टाकला की दोघांचं जमत नाही, मध्ये जरा मोकळी जागा सोडावी लागते.

मॅकवर स्नेल राउंडहँड नावाचा फॉन्ट असतो तो बघा. इंग्लंडमधले जुने लेखनगुरू चार्ल्स स्नेल यांच्या अक्षरावरून फॉन्ट बनवणारे मॅथ्यू कार्टर यांनी १९६५ मध्ये केलेला. शिशाच्या खिळ्यांत अशी तिरकी जोडलेली अक्षरं बसवणं म्हणजे डोकेदुखी, फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरं जुळवणं आलं तेव्हा ते सोपं झालं.

आता वापराचं. वधू-वराची नावं, डोहाळजेवणाचं कार्ड, वाइनच्या बाटलीचं लेबल, येवल्याच्या पैठणीची पिशवी, इथे हा फॉन्ट झकास दिसतो. पण दोन-तीन शब्दच हां! हॉलचा पत्ता, तारीख, मोबाइल नंबर साध्या फॉन्टमध्येच घ्या, नाहीतर पाहुणे गंगापूर रोडला उतरून फोन करत बसतात.

आणि सगळी अक्षरं कॅपिटल नको म्हणजे नकोच. एकदा एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी आम्ही तसं छापलं, टी आणि एफ या वळणात जवळपास सारखेच, फक्त एफला मधे एक आडवी रेघ जास्त, त्यामुळे तेजसचा फेजस झाला आणि सगळी पत्रिका आमच्याच खर्चाने परत छापावी लागली. अक्षरांमधलं अंतरही वाढवायला सांगू नका, जोड तुटतात आणि मग गंमतच जाते.

सोनेरी फॉइल हवं असेल तर नाव मोठं ठेवा, लहान साइजमध्ये केसरेघ कधी उठतच नाही तर कधी पसरून गच्च होते. गडद कागदावर पांढरी अक्षरं हवी असतील तरी तेच, बारीक रेघेत आजूबाजूची शाई शिरते. अशा वेळी आम्ही थोडा जाड फॉन्ट सुचवतो, तो दिसायला जरा कमी नाजूक, पण वाचता येतो.

स्पेलिंग फोनवर सांगू नका, टाइप करून पाठवा. प्रूफ मोबाइलवर झूम करून पास करू नका, दुकानात येऊन प्रिंट बघा, चष्मा न लावता. आणि तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दिवाळीआधीच नावं देऊन ठेवा.