शरम वाटते तेव्हा शरीरात काय घडतं?

साक्री-शिरपूरकडची कितीतरी पोरं पुण्याच्या कॉलेजात गेली की पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडत नाहीत. घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी आणि आता सगळं इंग्रजीत. कधीतरी बोलता बोलता ‘माले समजनं नही’ निसटतं, कुणीतरी फिसकन हसतं आणि कानाच्या पाळ्या तापतात, छाती धडधडते, मान खाली जाते. बोललेल्यात गैर काहीच नसतं, तरी शरीर मोठं संकट आल्यासारखं वागतं.

कारण शरीराच्या लेखी ते संकटच असतं. माणूस हजारो पिढ्या टोळीच्या आधाराने जगला. टोळीने टाकलं की जगणं अवघड. अमेरिका, भारत आणि इस्रायलमधल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एखाद्या गोष्टीची शरम किती वाटेल, हे त्या गोष्टीमुळे इतरांच्या नजरेत आपण किती उतरू याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं. म्हणजे शरम ही लोकांच्या नजरेबद्दलची धोक्याची घंटा आहे. ती वाजली म्हणून आपण गुन्हेगार ठरत नाही.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली या घंटेची चाचणी तयार झाली. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण करायचं, मग मोठ्याने वजाबाक्या करायच्या. एवढ्याने कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चढतं. पुढे २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. काम नुसतं अवघड असून फारसं बिघडत नाही; लोक आपल्याला जोखत आहेत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, हे दोन्ही जुळून आलं की कॉर्टिसोल सर्वांत जास्त चढतं आणि उतरायलाही वेळ लागतो.

चोपडा-धरणगावच्या कापूस उत्पादकाच्या वाट्याला नेमकं हेच येतं. बोंडअळी त्याच्या हातात नाही, भाव तर नाहीच, आणि अख्खं गाव बघत असतं. ‘औंदा पीक गेलं’ याचं मनातल्या मनात ‘मीच नालायक’ होतं. मग तो कृषी केंद्रासमोरून जायचं टाळतो, मागच्या गल्लीने घरी येतो, पारावर बसणं बंद करतो. कर्जाचा खरा आकडा बायकोलाही सांगत नाही. इकडे व्याज चढतच राहतं. जून टँग्नी आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी हाच फरक अनेक वर्षं तपासला आहे: ‘माझं चुकलं’ वाटणारा माणूस बहुधा चूक निस्तरायला निघतो, ‘मीच वाईट’ वाटणारा तोंड लपवतो.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्यात फार मुरलेलं आहे. जर्मनीच्याच मानहाइम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली उलट बाजू दाखवली. चूक कबूल करणं, मदत मागणं, प्रेम व्यक्त करणं असे प्रसंग लोकांना कल्पनेत उभे करायला सांगितले. स्वतः तसं वागण्यात त्यांना दुबळेपणा जास्त दिसला. दुसरा कुणी तसं वागला तर त्यात हिंमत दिसली.

आता स्वतःशी मायेने वागण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली या मायेचे तीन भाग मांडले: स्वतःशी प्रेमाने बोलणं, असं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं, आणि दुःख न दाबता, न फुगवता पाहणं. ‘अशाने माणूस सुस्तावतो’ ही शंका आपल्याकडे हमखास येते. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या २०१२च्या प्रयोगात अवघड परीक्षेत आपटलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःला सांभाळून घ्यायला सांगितलं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

मात्र मन कुणापुढे उघडायचं, हे निवडावंच लागतं. जातीवरून, बोलीवरून, कर्जावरून टोमणे मारणारी माणसं खरोखरच असतात; त्यांच्यापुढे गप्प राहण्यात भ्याडपणा नाही. आधी एकच माणूस धरा: मावशी, जुना मित्र, शाळेतले सर. त्यांना थेट आकडा सांगा, नापास झालेला विषय सांगा. असं कुणीच नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही चालू असतो.